उंबरठ्यापर्यंत

गणपतीत गावाला माणसे येतात, आणि त्यांच्याबरोबर दूरदेशच्या गोष्टीही येतात. यंदा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. मालवाहू जहाजावर खलाशी आहे. चहाचा कप खाली ठेवीत तो म्हणाला, "गुरुजी, ग्रीसच्या पिरिअस बंदरात तुमच्यासारख्याच एका गुरुजींची गोष्ट ऐकली. बास्केटबॉल शिकवायचे. सगळं जिंकले, पण शेवटची पायरी काही चढता आली नाही."

'तुमच्यासारख्याच' हा शब्द त्याने अगदी भाबडेपणाने उच्चारला. पण तो मला लागला. आमच्या शाळेचा खो-खोचा संघ मी अकरा वर्षे तयार केला. चारदा जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलो आणि चारही वेळा हात हलवीत परत आलो. मग एक तरुण शिक्षक आले, संघ त्यांच्याकडे गेला, आणि पुढच्याच वर्षी शाळेने ढाल आणली! सत्काराच्या दिवशी ताप आल्याचा निरोप धाडून मी घरी बसलो. ताप आलेला नव्हता. आमच्या मंडळींनी कपाळाला हात लावून पाहिला आणि काही न बोलता त्या स्वयंपाकघरात गेल्या.

असो. त्या ग्रीक गुरुजींविषयी मिळेल ते मी वाचून काढले. यानिस इओआनिदिस हे त्यांचे नाव. जन्म १९४५ चा, थेसालोनिकी शहरातला. केसांच्या रंगावरून लोक त्यांना 'पिंगट' म्हणत. तिथल्याच आरिस संघातून ते खेळले आणि पुढे त्याच संघाचे शिक्षक झाले. अमेरिकेत वाढलेला निकोस गालिस आणि त्याच्या जोडीला पानायोतिस यानाकिस, असे दोन हिरे त्यांच्या हाती आले. आरिसला त्यांनी आठदा ग्रीसचे विजेतेपद मिळवून दिले. त्यातली सहा तर १९८५ ते १९९० अशी ओळीने! आरिसचा युरोपातला सामना गुरुवारी असला, की रस्ते ओस पडत म्हणे.

पण युरोपचा चषक? १९८८, १९८९ आणि १९९० अशी तीन वर्षे आरिस शेवटच्या चार संघांत पोचला आणि तिन्ही वेळा उपांत्य सामन्यातच परतला. इओआनिदिस मग पिरिअसच्या ऑलिंपियाकोस संघाकडे गेले. तिथे १९९३ पासून ओळीने चार वर्षे ग्रीसचे विजेतेपद. १९९४ साली तेल अवीवला ते प्रथमच युरोपच्या अंतिम सामन्यात उतरले. काही सेकंदच उरले असताना स्पेनच्या बादालोना संघाच्या कॉर्नी थॉम्पसनने लांबून चेंडू टाकला, तो नेमका जाळ्यात! ५९-५७. दोन गुणांनी चषक गेला. पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम सामना, समोर रेआल माद्रिद, पुन्हा हार. आणि गंमत अशी, की दोन्ही वेळा समोरच्या बाकावर शिक्षक एकच होते, झेल्को ओब्रादोविच!

१९९६ साली इओआनिदिसांनी ऑलिंपियाकोस सोडले. १९९७ साली, रोममध्ये, दुशान इव्कोविच यांच्या हाताखाली त्याच ऑलिंपियाकोसने युरोपचा चषक जिंकला. १९९८ साली अथेन्सच्या दुसऱ्या एका संघाला घेऊन इओआनिदिस पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत गेले, पुन्हा हरले. पुढे ते ग्रीसच्या संसदेवर निवडून आले, क्रीडा खात्याचे उपमंत्री झाले. २०२३ च्या ऑक्टोबरात ते गेले.

१९९७ च्या त्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो. त्या रात्री त्यांना काय वाटले असेल, हे मी कोण सांगणार? पण विजयी संघाची नावे वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. सिगालास, फासुलास, बाकात्सियास हे तर १९९४ साली त्यांच्याच संघातून हरलेले गडी!

दुसऱ्या दिवशी मी लवकर शाळेत गेलो. कार्यालयात ढालीशेजारी त्या संघाचे छायाचित्र टांगलेले आहे. आठ वर्षे मी त्या भिंतीकडे न पाहता हजेरीपटावर सही करीत आलो होतो. चष्मा पुसून मी मुले मोजली. बारांपैकी नऊ जणांना 'खो' कसा द्यावा हे मीच शिकवले होते. एकाच्या गुडघ्यावरची खूण माझ्या देखतची. आणि उरलेले तिघे? ते त्या तरुण शिक्षकांनी हेरलेले. मला मात्र ते कधी दिसलेच नव्हते.

तेवढ्यात ते शिक्षक आत आले. मी त्यांचा हात हातात घेऊन म्हणालो, "अभिनंदन!"

"कसलं हो?" ते गोंधळून गेले.

मी भिंतीकडे बोट दाखवले. ते क्षणभर छायाचित्राकडे, मग माझ्याकडे पाहत राहिले, आणि हळूच म्हणाले, "त्या दिवशी तुमची खुर्ची मोकळीच ठेवली होती, गुरुजी."