भुंग्यासाठी तरवड

शाळेची बाग म्हटली की आजही रोपवाटिकेतून कुंड्या येतात. पेटुनिया, भरगच्च पाकळ्यांचा झेंडू. समारंभापुरती शोभा होते, पण माशी-फुलपाखराला त्यातून फारसं काही मिळत नाही. हैदराबादमधल्या अफझलगंजच्या आमच्या शाळेत मुलांसोबत बाग लावायची ठरली, तेव्हा मी आग्रह धरला तो तरवडाचा.

तरवड हे तेलंगणाचं राज्यफूल. बतुकम्मा सणातली फुलांची रास त्याच्याशिवाय रचली जात नाही, त्यामुळे मुलींना ते ओळखीचं होतं. फुलाच्या आत मात्र कुणी पाहिलं नव्हतं. त्यात मध नाही, खाऊ म्हणजे फक्त पराग. आणि तेही परागकोशांत बंद, टोकाला बारीक छिद्रं तेवढी. मधमाशीला ते झाडून काढता येत नाहीत. काळा भुंगा येतो, पायांनी घट्ट धरतो, छातीचे स्नायू थरथरवतो, आणि मीठदाणीतून मीठ पडावं तसे पराग बाहेर येतात. वांग्याचंही असंच. प्रयोगशाळेतला नादकाटा रबरावर आपटून वांग्याच्या ताज्या फुलाला अलगद टेकवायचा, खाली काळा कागद धरायचा. कागदावर पिवळसर भुकटी सांडते. मग नादकाट्यासाठी मुलांची झुंबड उडते.

भुंग्याला घर हवं म्हणून कोपऱ्यात वाळका ओंडका ठेवला आहे. तो 'कचरा' हलवू नका, हे दर वर्षी नव्याने सांगावं लागतं. पानांचंही तेच. तरवडावर पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, कढीपत्त्यावर दुसऱ्या. पानं कुरतडलेली दिसली की कुणीतरी औषध मारायला सुचवतंच. आमच्या बागेत फवारणी नाही. पान खाऊ दिलं नाही, तर फुलपाखरू येणार कुठून?

जागा लहान आहे, त्याची मला चिंता वाटत नाही. मधमाशी किलोमीटरभर सहज फिरते. जवळच उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात जुनी चिंच आहे. २८ सप्टेंबर १९०८च्या मुसी नदीच्या महापुरात तिच्या फांद्यांवर सुमारे दीडशे माणसं वाचली. चिंचेच्या फुलांवर मधमाश्या येतात, हेही मुलांना त्या गोष्टीसोबत सांगायला हवं.

तुमच्या शाळेत भिंतीलगत ऊन येणारी हातभर पट्टी असेल, तर तरवडाच्या शेंगा गोळा करा. बी कडक असतं. पॉलिश पेपरवर थोडं घासा, रात्रभर पाण्यात ठेवा आणि पहिल्या पावसात मुलांच्या हातांनी पेरा.