समोर सर्व्हर नसताना

मोबाइलवर बसचं तिकीट काढताना 'पैसे भरा' हे बटण दाबलं आणि नुसतंच चक्र फिरत राहिलं, की आपण सर्व्हर डाऊन आहे म्हणून मोकळे होतो. पुष्कळदा सर्व्हर ठणठणीत असतो. त्याने उत्तरही दिलेलं असतं, 'ही सीट आत्ताच दुसऱ्या कुणीतरी घेतली'. पण ते उत्तर घेऊन पुढे काय करायचं, हे पडद्यावरच्या प्रोग्रामला कुणी शिकवलेलंच नसतं. मी पुण्यात फ्रंटएंडच्या, म्हणजे पडद्यावरच्या प्रोग्रामच्या, टेस्टिंगचं काम बघते, आणि माझा बहुतेक वेळ या जागेवर जातो: पडदा आणि सर्व्हर यांच्या मधल्या.

युनिट टेस्ट म्हणजे प्रोग्रामचा एखादा छोटा तुकडा बाजूला काढून, त्याला ठरावीक माहिती देऊन, अपेक्षित उत्तर येतं का हे दुसऱ्या प्रोग्रामने तपासणं. १९९७ मध्ये केंट बेक आणि एरिख गॅमा यांनी झ्युरिकहून अटलांटाला जाताना विमानात जेयुनिट लिहायला घेतलं आणि ही पद्धत जगभर रुजली. तिचा मूळ भर एकाच प्रोग्रामच्या आतल्या तुकड्यांवर होता. आमचं तसं नाही. आमचा अर्धा प्रोग्राम तुमच्या फोनमध्ये चालतो. उरलेला अर्धा दुसऱ्या टीमने, बहुधा दुसऱ्या भाषेत लिहिलेला आणि भलत्याच शहरातल्या यंत्रावर असतो. प्रत्येक टेस्टसाठी त्या यंत्राकडे धाव घेतली तर टेस्ट रखडतात, नेट गेलं की पडतात, आणि कालच्या टेस्टने सीट बुक करून टाकल्यामुळे आजची टेस्ट फसते. म्हणून नाटकाच्या तालमीत गैरहजर नटाची वाक्यं दुसऱ्या कुणीतरी वाचावीत, तसा एक नकली सर्व्हर आम्ही उभा करतो. त्याला आम्ही मॉक म्हणतो.

मॉक वापरावा की नाही, हा वाद मला निरर्थक वाटतो. वापरावाच लागतो. प्रश्न असा, की त्याच्या तोंडी घातलेली वाक्यं आली कुठून? बहुतेक वेळा ती फ्रंटएंड लिहिणाऱ्याच्याच डोक्यातून आलेली असतात. मग टेस्ट हिरवी, म्हणजे पास, होते ती आपलीच समजूत आपल्याच समजुतीशी जुळल्यामुळे.

वरचंच तिकीट घेऊ. ब्राउझरमधून सर्व्हरकडे विनंती पाठवायला 'फेच' नावाचं फंक्शन आहे. सीट गेलेली असेल तर सर्व्हर ४०९ हा आकडा पाठवतो, म्हणजे 'तुमची विनंती सध्याच्या स्थितीशी जुळत नाही'. आता गोम इथे आहे. फेचच्या हिशेबी ४०९ हे अपयश नाहीच. ४०४ नाही, ५०० सुद्धा नाही. उत्तर मिळालं ना, झालं. नेटवर्क तुटलं, विनंती पोहोचलीच नाही, अशा वेळीच फेच चूक फेकतं. आलेलं उत्तर २०० ते २९९ मधलं आहे का, हे 'ओके' नावाचा गुणधर्म बघून कोड लिहिणाऱ्याने स्वतः तपासायचं असतं. हे ठाऊक नसलेला डेव्हलपर चूक पकडायला 'कॅच' लिहितो आणि निर्धास्त होतो. टेस्ट लिहिताना तो फेचच काढून टाकतो आणि त्या जागी स्वतःचं नकली फेच बसवतो. ते 'सर्व्हरने नकार दिला' हे दाखवायला चूक फेकतं. कॅच ती पकडतो, पडद्यावर निरोप झळकतो, टेस्ट हिरवी. प्रत्यक्षात ४०९ येतं, कॅचपर्यंत काहीच पोहोचत नाही, कोड त्या उत्तरात तिकीट क्रमांक शोधत बसतो आणि तुमच्या हातात चक्र फिरत राहतं.

म्हणून माझा आग्रह असतो की फेचला हात लावू नका, त्याच्या खाली जा. मॉक सर्व्हिस वर्कर हे साधन नेमकं हेच करतं. कोड खरं फेच वापरतो, विनंती खरोखर निघते आणि नेटवर्कच्या उंबरठ्यावर अडवली जाते; तिथून आपण ठरवलेलं ४०९ परत येतं. फेचचे सगळे स्वभाव त्या टेस्टमध्ये जसेच्या तसे उतरतात.

नकली माहिती फार गोड असणं हाही एक रोगच. टेस्टमधले आयडी नेहमी १, २, ३. जावास्क्रिप्टची साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच पूर्णांक बिनचूक सांभाळते. त्यापुढे शेवटचे अंक बदलू शकतात. ट्विटरने २०१० मध्ये ६४ बिटांचे आयडी आणले तेव्हा याच कारणाने तोच आयडी अक्षरांच्या रूपातही पाठवायला सुरुवात केली. १, २, ३ वर चालणाऱ्या टेस्टला हे कधीच दिसलं नसतं.

तारखांचं दुखणं तर आपल्या घरचंच. पुण्यातल्या माणसाने कॅलेंडरवर १ नोव्हेंबर निवडला, की ब्राउझर तो इथल्या मध्यरात्रीचा क्षण धरतो. सर्व्हरला पाठवताना त्याचं आंतरराष्ट्रीय वेळेत रूपांतर केलं की होतं ३१ ऑक्टोबर, १८:३०. त्यातली पहिली दहा अक्षरं कापून 'तारीख' म्हणून पाठवायची सवय सर्रास दिसते, आणि मग आरक्षण आदल्या दिवसाचं होतं. टेस्ट जिथे आपोआप चालतात ती यंत्रं बहुधा आंतरराष्ट्रीय वेळेवर लावलेली, तिथे फरक शून्य. उलट बाजूने, सर्व्हरने नुसतं १ नोव्हेंबर पाठवलं आणि ब्राउझरने ते आंतरराष्ट्रीय मध्यरात्र म्हणून वाचलं, तर न्यू जर्सीतल्या तुमच्या भाचीला ३१ ऑक्टोबर दिसतो. त्यामुळे आमच्याकडे तारखेच्या टेस्ट कोलकाता आणि न्यूयॉर्क अशा दोन्ही वेळांवर चालतात. खर्च काही नाही, सुरुवातीला एक ओळ.

नकली सर्व्हर एका बाबतीत खऱ्याहून सरस असतो, आणि त्याचा उपयोग फार कमी लोक करतात: तो सांगाल तेव्हा, सांगाल तसा त्रास देतो. शोधाच्या चौकटीत कुणी 'सा' टाइप केलं आणि लगेच पुढे 'सातारा'. दोन विनंत्या गेल्या. 'सातारा'चं उत्तर आधी आलं, 'सा'चं रेंगाळत नंतर आलं आणि त्याने आधीचं पुसून टाकलं. चौकटीत सातारा, खाली यादी सासवड-सांगलीची. खऱ्या सर्व्हरकडून हा क्रम मागून मिळत नाही. मॉकला मात्र पहिलं उत्तर अडवून धर, दुसरं आधी सोड, असं सांगता येतं. उशीर, रिकामी यादी, अर्धवट उत्तर, संपलेलं लॉगिन: माझ्या मते फ्रंटएंडच्या टेस्टचा निम्मा भाग यांचा हवा. सगळं सुरळीत असतानाचा पडदा तर डेव्हलपर दिवसभर डोळ्यांनी बघतच असतो.

पण मॉकची वाक्यं खऱ्या सर्व्हरशी जुळलेली राहणार कशी? इयन रॉबिन्सन यांनी २००६ मध्ये एक विचार मांडला: मागणाऱ्याने आपल्याला नेमकं काय हवं ते लिहून द्यावं आणि देणाऱ्याने त्यावर स्वतःला तपासावं. ऑस्ट्रेलियात २०१३ मध्ये सुरू झालेलं पॅक्ट हे साधन त्याच वाटेने जातं. फ्रंटएंडच्या टेस्ट चालताना मॉककडून अपेक्षिलेली प्रत्येक विनंती आणि उत्तर एका फाइलमध्ये नोंदलं जातं. ही फाइल म्हणजे दोन्ही बाजूंमधला करार. तीच बॅकएंडच्या, म्हणजे सर्व्हरच्या बाजूच्या, बिल्डमध्ये खऱ्या सर्व्हरवर चालवली जाते. बॅकएंडच्या कुणी 'सीट' या रकान्याचं नाव बदललं, तर त्याचं स्वतःचं बिल्ड रिलीजच्या आधी लाल होतं आणि तो आमच्या टेबलापाशी येतो. हे येणं मला फार मोलाचं वाटतं.

तरीही करार आकार बघतो, अर्थ नाही. भाड्याच्या रकान्यात ५०० आले, आकडा आहे, करार पाळला गेला. पण ते पाचशे रुपये की पाचशे पैसे? रेझरपेसारख्या पेमेंट सेवा रक्कम पैशांत मागतात. पाचशे रुपयांसाठी ५०००० पाठवावे लागतात. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान गमावलं ते अशाच जागी: एका बाजूचं सॉफ्टवेअर पौंड-सेकंदांत आकडे देत होतं, दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजून वाचत होती. दोन्हीकडे आकडेच होते. आमच्या करारात म्हणून नुसती 'रक्कम' चालत नाही, रकान्याचं नावच 'रक्कम पैशांत' असं असतं, आणि एक टेस्ट फक्त एवढंच बघते की सर्व्हरकडून ५०००० आले तर पडद्यावर ५०० रुपये दिसतात.