एकांताचे भाडे

एकांत हा शब्द मी गेली वीस-बावीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. अभंगांत तो येतो, कवितांत येतो आणि परीक्षेत तर हमखास येतो. एकांत वेगळा आणि एकटेपणा वेगळा, हे मी फळ्यावर दोन रकाने पाडून समजावून सांगतो आणि मुले ते निमूटपणे उतरवून घेतात. माझी अडचण एवढीच होती, की दोन्ही रकान्यांचा मला स्वतःला अनुभव नव्हता. नाशिकला आमचे तीन खोल्यांचे घर. त्यात येणेजाणे इतके, की दार लावून घ्यावे तर शेजारी विचारायला येतात, ‘काही झालं का हो?’ लग्नानंतर माथेरानला गेलो, तर ‘मलाही पुन्हा कधी जमणार?’ म्हणून आत्या बरोबर आली होती. पुढे मुलाची शाळा आली आणि त्यानंतर आईचे आजारपण. अर्धांगाच्या झटक्याने आई अंथरुणाला खिळली, ती सहा वर्षांनी गेली. त्या सहा वर्षांत आमचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे गंगेवर जाऊन येणे.

आई गेल्याला दोन वर्षे होत आली, तेव्हा मुलगा सुट्टीत घरी आला आणि म्हणाला, “आता तुम्ही दोघेच कुठेतरी जाऊन या.” त्याने मोबाइलवर दोन चित्रे दाखवली. एकात बर्फाचे डोंगर होते, दुसऱ्यात निळे पाणी. कोणत्याही प्रश्नावर ‘तुम्ही म्हणाल तसं’ असे उत्तर देणाऱ्या आमच्या सौभाग्यवतीने या वेळी क्षणाचाही विलंब लावला नाही. ती म्हणाली, “समुद्र.” मला जरा नवल वाटले, पण बायकोचे मत इतक्या झटपट मिळाल्याच्या आनंदात मी कारण विचारायला विसरलो.

अशा रीतीने गेल्या डिसेंबरात आम्ही अंदमानला गेलो. शेजारच्या काकूंना ही बातमी कळली तेव्हा त्या म्हणाल्या, “अग बाई! काय गुन्हा केलात?” नाशिककरांना अंदमान म्हटले की आधी सावरकर बंधूच आठवणार, भगूर तर आमच्या अंगणातले.

मुंबईहून चेन्नई आणि तेथून दोन-सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअर. सप्टेंबर २०२४ मध्ये या शहराचे नाव श्रीविजयपुरम असे झाले. लोकांच्या तोंडी अजून जुनेच ऐकू येते. बेटावर जाण्यापूर्वी एक दिवस हाताशी होता, तेव्हा अर्थातच आमची पावले सेल्युलर तुरुंगाकडे वळली. १८९६ साली बांधायला घेतलेला हा तुरुंग १९०६ साली पुरा झाला. मधोमध मनोरा आणि त्याच्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात लांबलचक इमारती. त्यांपैकी आज तीन उभ्या आहेत. ‘माझी जन्मठेप’ मी किती वेळा वाचले असेल, पण एक गोष्ट तेथे उभे राहिल्यावाचून ध्यानात आली नव्हती. प्रत्येक इमारतीच्या कोठड्यांची तोंडे समोरच्या इमारतीच्या पाठीकडे आहेत. गजांशी उभ्या राहिलेल्या कैद्याला दिसायची ती भिंत. दुसऱ्या माणसाचा चेहरा दिसू नये, म्हणून केलेली ही रचना.

१९११ साली विनायकरावांना येथे आणले, तेव्हा थोरले बंधू बाबाराव आधीपासून याच तुरुंगात होते. पण भावांची भेट कित्येक दिवस होऊ दिली गेली नाही. हे मी पत्नीला माहितगाराच्या आवाजात सांगितले. ती गजांना हात लावून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “एका छपराखाली असून एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. कसे दिवस काढले असतील?” मी म्हणालो, “हो ना,” आणि छायाचित्र काढायला पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी बोटीने निघालो. पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येस चाळीसेक किलोमीटरवर हॅवलॉक बेट आहे. हॅवलॉक हा १८५७ च्या बंडातला इंग्रज सेनापती. २०१८ च्या डिसेंबरात बेटाचे नाव बदलून स्वराज द्वीप झाले. पण बेटावरच्या गावांची नावे ऐकावीत! गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून उखडलेल्या कुटुंबांना पन्नासच्या दशकात सरकारने येथे जमिनी देऊन वसवले. त्यांनी रान तोडले, भात लावला, नारळ-सुपारी केली आणि देवांना नव्या पत्त्यावर बोलावून घेतले. किनाऱ्यांना मात्र सरकारी आकडेच चिकटले आहेत. जगभर वाखाणला गेलेला राधानगरचा किनारा म्हणजे ‘सात नंबर’. २००४ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने आशियातला सर्वोत्तम किनारा म्हणून त्याला पसंती दिली होती.

त्या किनाऱ्यामागच्या रानात आमचे रिसॉर्ट होते. उंच उंच समुद्रमोहाची झाडे आणि त्यांच्या बुंध्यांशी दूर दूर विखुरलेल्या गवती छपरांच्या खोल्या. एका खोलीतून दुसरी दिसत नाही, हीच त्या जागेची मिजास. एका रात्रीच्या भाड्यात आमचा महिन्याचा किराणा आणि दूध भागले असते, हा हिशेब पत्नीने दारातच केला. आत पाहतो तो पलंगावर टॉवेलांचे दोन राजहंस चोचीला चोच लावून बसलेले आणि भोवती जास्वंदीच्या फुलांचा बदाम! ती झटकन बाहेर आली. “अहो, चुकून दुसऱ्याची खोली दिलीय.” मी पोऱ्याला विचारले. तो हसून म्हणाला, “नाही साहेब, तुमचीच.” तिने राजहंसांच्या घड्या मोडून टॉवेल खुंटीला लावले, तेव्हा कोठे तिला ती खोली आपली वाटली.

संध्याकाळी पुळणीवर गेलो. पिठासारखी मऊ, पांढरी वाळू, मैलभर वळत गेलेला काठ, मागे हिरव्या रानाची भिंत आणि पुढे काचेसारखे पाणी. सूर्य समोरच बुडाला. घड्याळात पाहतो तो पाच वाजून गेलेले! अंदमान मुंबईच्या वीस रेखांश पूर्वेला. सूर्य आपल्या वेळेने मावळतो आणि घड्याळ मात्र साऱ्या देशाचे चालते. सहा वाजता काळोख. जेवण साडेसातला. खोलीत दूरदर्शन नाही, मोबाइलला आवाज पोचत नाही. आम्ही ओसरीवर दोन वेताच्या खुर्च्यांत समोरासमोर बसलो.

वाचकहो, तो दीड तास मी विसरणार नाही. प्रथम मुलाच्या परीक्षेविषयी बोललो. मग गॅसची कळ बंद केली होती का, दूधवाल्याला सांगितले होते का, मेहुण्याचे कर्ज. पाऊण तासात संसार संपला! पुढे काय बोलावे हे दोघांनाही सुचेना. तेवीस वर्षे आम्ही बोलत होतो, ते सारे कामाचे बोलणे. कामे मागे राहिली आणि बोलणेही त्यांच्याबरोबर नाशिकला राहिले. एकांताचे एवढे भाडे मोजून आम्ही दोघे पंक्तीतल्या अनोळखी पाहुण्यांसारखे हसत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्याच्या वाटेवर एका बंगाली म्हाताऱ्याकडे शहाळी घेतली. अंदमानात सर्वांची बाजारभाषा हिंदी, त्यामुळे आमचे जमले. कडेवरचे मूल असताना तो बोटीतून येथे आला. त्याने राजन हत्तीची गोष्ट सांगितली. लाकडाच्या ओंडक्यांसाठी आणलेला हा हत्ती ते काम थांबल्यावर याच पाण्यात पोहताना दिसे आणि त्याला पाहायला लांबून लोक येत. २०१६ साली तो गेला. मग पत्नीने आपल्या बायकी रीतीने विचारले, “तुमची आई रमली का इथे?”

म्हातारा कोयता पुसत म्हणाला, “बोटीतून उतरली तेव्हा रान बघून रडली. मग काम लागलं. एवढा समुद्र शेजारी, पण बसून बघितला तो म्हातारपणी. हात रिकामे झाले तेव्हा. आणि हात रिकामे झाले, तशी तिची झोप गेली.”

पत्नीने शहाळे तसेच हातात धरून ठेवले होते. मी तिला म्हटले, “पी ना, ऊन होईल.”

त्या रात्री मला मध्येच जाग आली. शेजारी पत्नी नव्हती. दार लोटलेले होते. बाहेर ओसरीवर ती पदर गुंडाळून बसली होती आणि रानापलीकडून समुद्राची गाज येत होती.

“बरं वाटत नाही का?” मी विचारले.

“मला काय झालंय? माझी वेळ झाली, जाग आली.”

“कसली वेळ?”

“दोनची. आईंची कूस बदलायची.”

मी गप्प झालो. दर दोन-तीन तासांनी कूस बदलली नाही, तर पाठीला जखमा होतील, असे डॉक्टरांनी सांगितले होते. अकराला मी पेपर तपासत जागा असे, पहाटे पाचला उठलेला असे. मधल्या वेळेचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. ‘आईला रात्री छान झोप लागते,’ असे मी भेटायला येणाऱ्यांना सांगतही असे!

“दोन वर्षं झाली आई जाऊन,” मी म्हणालो.

“मला ठाऊक आहे. माझ्या झोपेला नाही ना.”

“मला उठवायचंस.”

“एकदा उठवलं होतं. तुम्ही ‘हो’ म्हणालात आणि कूस बदललीत. तुमची.”

ती हसली. मला हसता येईना. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “तेवढ्या वेळी आई माझ्याशी बोलायच्या. दिवसा तोंड वाकडं दिसतं म्हणून बोलत नसत. बोबडं बोलणं, पण मला सवयीनं कळायचं. हर्णैच्या गोष्टी सांगायच्या. म्हणायच्या, रात्री पडल्या पडल्या गाज ऐकू येते ग. मी म्हणायची, येते हो आई. नाशिकला कसली गाज! हमरस्त्यावरचे ट्रक ते.”

‘समुद्र’ हे उत्तर तिने का दिले, ते मला आता कळले. माझ्याच आईने माहेरच्या समुद्राची काढलेली आठवण शेजारच्या खोलीत असून माझ्या कानी आली नव्हती. तुरुंगातले तिचे वाक्य मला आठवले. इंग्रजांनी निदान भिंती तरी बांधल्या होत्या. आमच्या घरात माझी झोप तेवढी पुरली.

एवढ्यात राखणदार विजेरी घेऊन आला. छोटा नागपूरहून रानतोडीसाठी आणलेल्या मजुरांचा तो नातू. दोघे जागे पाहून म्हणाला, “अमावास्या जवळ आहे. पाणी बघायचं तर चला. घोट्यापलीकडे जायचं नाही. या बाजूला मगरी असतात.” काठाशी नेऊन त्याने विजेरी विझवली. काही दिसेना. मग पत्नीने ओल्या वाळूत पाऊल टाकले आणि पावलाभोवती निळसर ठिणग्या फुटल्या. तिने वाकून पाण्यात हात फिरवला. बोटांमागून प्रकाशाच्या रेघा निघाल्या आणि विझल्या. पाण्यातल्या अतिसूक्ष्म जीवांना धक्का लागला की ते असे लकाकतात. पाणी निश्चल असेल तर सारे काळेच. ती लहान मुलीसारखी पुन्हा पुन्हा हात फिरवीत राहिली. शेवटी पदराला हात पुसत म्हणाली, “आईंना सांगायला हवं होतं.”

तिसऱ्या रात्री मी घड्याळाला दोनचा गजर लावला.

“आता कोणासाठी उठणार?” तिने विचारले.

“कोणासाठी नाही. आजची पाळी माझी. तू नीज.”

गजराचा आवाज होताच मी तो दाबला आणि तिच्या खुर्चीत जाऊन बसलो. गवती छप्पर ओलसर झाले होते. गाज येत होती. तेथे एकट्याने बसल्यावर सहा वर्षांच्या रात्री किती होतात, याचा हिशेब मी प्रथमच केला. दोन हजारांच्यावर होतात. दोनवर दहा मिनिटे झाली, तेव्हा आत पलंग करकरला. मी डोकावून पाहिले. तिने आपली आपणच कूस बदलली होती आणि ती पुन्हा गाढ झोपली होती.

सकाळी ती उठली तेव्हा उन्हे रानात उतरली होती. निघताना कचेरीतल्या मुलीने अभिप्रायाची वही पुढे केली. आधीच्या पाहुण्यांनी किनाऱ्याविषयी, सूर्यास्ताविषयी, जेवणाविषयी पानेच्या पाने लिहिली होती. मराठीचा प्राध्यापक म्हणून मी लेखणी सरसावली, पण पत्नीने वही माझ्या हातातून घेतली आणि स्वच्छ अक्षरात एकच ओळ लिहिली: ‘झोप चांगली लागली.’

त्या मुलीला मराठी येत नव्हते. तिने अर्थ विचारला. मी सांगितला, तेव्हा तिचा चेहरा थोडा उतरला. एवढा समुद्र दाखवला आणि बाईंनी लिहिले काय, असे तिला वाटले असावे.