खिशातले यंत्र आणि नाणेघाट

प्रवासाला निघताना बरोबर काय घ्यावे, याविषयी प्रत्येक पिढीचे एक शास्त्र असते. आमच्या आजोबांचे शास्त्र वळकटी, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा एवढ्यावर संपत असे. आमच्या कन्येचे शास्त्र वायरींपासून सुरू होते. गेल्या माघात आम्ही नाणेघाटाला निघालो, तेव्हा मोटारीच्या मागच्या आसनावर तिने जो संसार मांडला होता त्यात दोन स्मार्टफोन, एक टॅब्लेट, अर्ध्या विटेएवढी एक पॉवर बँक, बोटभर लांबीची एक वायर, घडीचा ट्रायपॉड आणि एक जुनाट ईयरफोन इतक्या वस्तू होत्या. सौ.ने पोळ्यांचा डबा कुठे ठेवावा या विवंचनेत तो सारा पसारा न्याहाळला आणि म्हणाली, "अहो, आपण घाट बघायला चाललो आहोत की दुकान थाटायला?"

या सगळ्या खटाटोपाचे कारण पुढच्या आसनावर मफलर गुंडाळून बसले होते. ते म्हणजे सौ.चे मामा. नगर जिल्ह्यातल्या एका शाळेत त्यांनी चौतीस वर्षे इतिहास शिकवला. सातवाहनांचा धडा आला की मामा फळ्यावर खडूने ब्राह्मी अक्षरे काढून दाखवीत आणि "हे नाणेघाटात आहे बरे का!" असे सांगत. पण स्वतः मात्र त्यांनी नाणेघाट पाहिला नव्हता. कधी शाळेच्या परीक्षा, कधी घरातली कार्ये, कधी आणखी काही. सवड मिळाली तेव्हा डोळे गेले. गेले म्हणजे अगदी अंधत्व नव्हे. दृष्टिपटलाच्या मध्यभागी झीज झाल्यामुळे समोर पाहिले की नेमका मधलाच भाग पुसल्यासारखा होतो. माणूस दिसतो, पण त्याचा चेहरा दिसत नाही. "आता तिथे जाऊन काय करू? भिंतीला नमस्कार करून परत येऊ?" असे ते म्हणत. कन्येने ते मनावर घेतले.

आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात हे यंत्र असते आणि त्याचा उपयोग सकाळी सूर्योदयाची चित्रे इकडून तिकडे पाठवण्यापलीकडे फारसा जात नाही. खरे पाहता त्यात नकाशा आहे, होकायंत्र आहे, भिंग आहे, ध्वनिलेखक आहे, आणि टॅब्लेट असेल तर एक अख्खे कपाटभर ग्रंथालय आहे. फक्त हे सारे घरून निघण्यापूर्वी सिद्ध करून ठेवावे लागते. डोंगरात गेल्यावर नेटवर्क नाही म्हणून कपाळाला हात लावणारे प्रवासी मी पुष्कळ पाहिले आहेत. सामान बांधावे तसे यंत्रही बांधावे लागते, ही गोष्ट त्यांना कोणी सांगितलेली नसते.

आम्ही आधीच्या रविवारी ते बांधले. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा, जगभरच्या हौशी माणसांनी २००४ पासून भरत आणलेला एक नकाशा आहे. त्यावर चालणारे ऑरगॅनिक मॅप्स नावाचे ॲप घेतले आणि आपल्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवला. पुष्कळांची समजूत असते की नेटवर्क गेले की फोनला आपला ठावठिकाणा कळत नाही. तसे नाही. उपग्रहांचे संदेश फोन थेट आकाशातून घेतो. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की तो आपली जागा काढतो. त्याला मोबाइलचा टॉवर लागत नाही. टॉवर नसला तर पहिल्यांदा जागा सापडायला थोडा वेळ लागतो, इतकेच. टॉवर लागतो तो नकाशाचे चित्र आणायला, आणि ते चित्र आम्ही शिदोरीसारखे बरोबरच घेतले होते.

दुसरी शिदोरी माझ्या आवडीची. नाणेघाटचा लेख ब्यूलर यांनी १८८३ मध्ये पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पाचव्या खंडात छापला. त्याआधी १८७६ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी त्यातल्या अंकचिन्हांवर स्वतंत्र निबंध लिहिला होता. असले ग्रंथ पाहायचे म्हणजे एके काळी मुंबईला जाऊन, ग्रंथपालाची मर्जी सांभाळून, पंख्याखाली पाने धरून बसावे लागे. आता ब्यूलरसाहेबांचा खंड इंटरनेट आर्काइव्हवरून फुकट उतरवता येतो. तो आम्ही टॅब्लेटमध्ये घातला. शिवाय 'अक्षरमुख' नावाचे एक लिप्यंतराचे साधन आहे. त्यात देवनागरी मजकूर घातला की ब्राह्मी होऊन बाहेर येतो. कन्येने आपले, आईचे आणि शेजारच्या मांजराचे नाव ब्राह्मीत काढून भिंतीवर लावले. आठ दिवसांत तिला निम्मी वर्णमाला येऊ लागली. हे काम माझ्या हातून सोळा वर्षांत झाले नव्हते.

पुण्याहून नारायणगाव, तिथून जुन्नर, आणि जुन्नरहून आपटाळे, चावंड करीत घाटघर. या बाजूने मोटार जवळजवळ घाटमाथ्यापर्यंत जाते. खालून मुरबाडकडून येणाऱ्याला मात्र पायऱ्यांची दमछाक चुकत नाही. पावसाळ्यात इथे वाऱ्याने उलट उडणारे पाणी पाहायला झुंबड उडते. माघात कोणी नव्हते. वाळलेले गवत, डाव्या अंगाला जीवधनचा कडा, आणि टपरीवर चहा करणारी एक मावशी. मामांचा हात धरून मी त्यांना दगडी रांजणापाशी नेले. या रांजणात जकातीची नाणी पडत, अशी सांगी आहे. मामांनी त्याच्या काठावरून सावकाश हात फिरवला, पण बोलले काही नाही.

खिंडीच्या तोंडाशी लेणे आहे. लेणे म्हणजे वास्तविक एक चौकोनी दालन. त्याच्या डाव्या आणि उजव्या भिंतींवर सातवाहन राणीने केलेल्या यज्ञांचा आणि दानांचा मोठा लेख कोरलेला आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे तेवढी उरली आहेत. धडधाकट डोळ्यांच्या माणसालाही पहिल्या दृष्टीत इथे खरबरीत काळा दगडच दिसतो. मामांनी मान तिरकी करून, डोळ्यांच्या कडेने पाहण्याचा प्रयत्न केला. मग म्हणाले, "जावईबापू, दगड आहे एवढे कळते."

आता कन्येची पाळी होती. कोरीव अक्षरांचे छायाचित्र घेताना फोनचा स्वतःचा दिवा कधी लावू नये, हा पहिला धडा. तो दिवा भिंगाला चिकटून असतो. त्याचा उजेड समोरून पडतो आणि खाचांतली सावलीच नाहीशी होते. अक्षर म्हणजे तिथे सावलीच असते. म्हणून एक फोन ट्रायपॉडवर बसवला आणि दुसऱ्या फोनचा दिवा मी भिंतीला जवळजवळ समांतर, एका अंगाने धरून उभा राहिलो. ज्या क्षणी उजेड तिरपा झाला, त्या क्षणी भिंतीतून ओळी वर आल्या. शेतात संध्याकाळच्या उन्हात नांगराचे तास दिसावेत तशा. बटण दाबताना फोन हलू नये म्हणून कन्येने तो जुनाट ईयरफोन जोडला. त्याच्या आवाज वाढवण्याच्या बटणाने पुष्कळ फोनांत छायाचित्र टिपले जाते. फेकून द्यायच्या वस्तूला असा दुसरा जन्म मिळालेला पाहून सौ.लाही बरे वाटले. डावीकडून, उजवीकडून, वरून उजेड देऊन एकेका तुकड्याची तीन-तीन चित्रे घेतली. भिंतीला कुठे बोट लावले नाही. पूर्वी लोक अक्षरांत खडू नाहीतर पाणी भरून छायाचित्रे घेत. त्याने दगडाचे हाल होतात.

बोटभर वायरीने चित्रे टॅब्लेटमध्ये गेली. बाहेर कातळावर मामांना बसवले, सौ.ने उन्हाच्या बाजूला पदर धरला, आणि कन्येने चित्रातले एकच अक्षर वाढवत वाढवत तळहाताएवढे केले. मामा म्हणाले, "काहीतरी काळे आहे." तेव्हा तिने टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये रंग उलट करण्याची जी सोय असते ती लावली. काळ्याचे पांढरे झाले आणि पांढऱ्याचे काळे. खाचांतल्या सावल्या एकदम पांढऱ्याशुभ्र झाल्या. काळ्या फळ्यावर खडूने लिहावे तशी अक्षरे!

मामा बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी बोट पुढे केले. दगडाला लावता येत नव्हते, पण चित्राला लावायला हरकत नव्हती. बोटाने ते एकेक रेघ गिरवू लागले. "हा उभा दांडा, र. याला काना. रा. पुढे हा य... राया." थांबले. "पुढचा घे, बाळ." तिने चित्र सरकवले. सि. मु. क. "अधिकाचे चिन्ह आहे ना? मग तो क." राया सिमुक सातवाहनो. इतकी वर्षे फळ्यावर काढलेले नाव मूळच्या हाताने लिहिलेले वाचताना त्यांचा आवाज वर्गातला झाला. चहावाली मावशी किटली घेऊन आली होती, तीही ऐकत उभी राहिली.

पुढचा तासभर आम्ही कोणी घड्याळ पाहिले नाही. मागच्या भिंतीवरचे 'महारठि' आले तेव्हा मी मराठीचा मास्तर असल्याने मध्ये तोंड घातले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला, त्यासाठी चाललेल्या वादात हा शब्द अनेकदा साक्षीला आला होता. लेखाची भाषा प्राकृत आहे, मराठी नव्हे. पण घराण्याची ओळख लपत नाही. त्याच शब्दातला ठ पाहा. ब्राह्मीत तो निव्वळ एक वर्तुळ आहे. दोन हजार वर्षांत त्याला शिरोरेखा आली आणि एक लहानशी मान फुटली. बाकी तो आहे तसाच आहे. अंकांची गंमत आणखी वेगळी. यात शून्य नाही. दहाला, शंभराला, हजाराला स्वतंत्र चिन्हे, आणि हजाराच्या चिन्हाला दुसरा आकडा चिकटवला की तितके हजार. दानात दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणे यांचा हिशेब या चिन्हांत लिहिला आहे. मामांनी ते आकडे बोटाने गिरवले आणि कन्येने टॅब्लेटच्या लेखणीने फोटोवरच रंगीत रेघ ओढून ते पक्के केले.

यंत्राची मर्यादाही तिथेच दिसली. घरी आल्यावर मी तेच छायाचित्र, चित्र पाहून वस्तू ओळखणाऱ्या एका ॲपला दाखवले. त्याने मला अंगणात घालायच्या दगडी फरश्या दाखवल्या.

पॉवर बँकेविषयी दोन शब्द, कारण दुकानात फसगत होते ती इथे. १०,०००चा आकडा पाहून ५,०००च्या बॅटरीचा फोन दोनदा भरेल असा हिशेब माणूस करतो. पण तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या घटांचा असतो. बाहेर ५ व्होल्ट देताना आणि वाटेतल्या उष्णतेत बराच भाग खर्ची पडतो. दीड वेळा धरून चालावे. आमची टॅब्लेट घाटघर सोडताना नऊ टक्क्यांवर आली होती, कारण मामांनी ती हातातून खाली ठेवलीच नव्हती.

जुन्नर मागे पडले. अंधारात त्यांच्या मफलरवर पडद्याचा उजेड पडला होता. राणीचे नाव मोठ्या लेखात ब्यूलरना स्पष्ट मिळाले होते की मूर्तीवरच्या नावावरून जुळवले, याविषयी ते कन्येशी वाद घालत होते, आणि ती टॅब्लेटमधल्या खंडाची पाने उलटून त्यांना मोठ्याने वाचून दाखवत होती. नारायणगावला चहाला थांबलो तेव्हा मामा मला म्हणाले, "जावईबापू, चैत्राच्या आत नाशिकला जाऊ. बलश्रीचा लेख मी तरुणपणी पाहिला होता. तो डोक्याच्या वर आहे, तेव्हा हा ट्रायपॉड पुरायचा नाही. जरा उंच बघून ठेवा."