गीतचित्र आणि विद्यार्थी

वर्गपाठ म्हणून मुलांनीं एखाद्या गीताचा ‘व्हिडिओ’ करणें हा अभ्यासाच्या वेळेचा अपव्यय होय, असें पुष्कळ पालक म्हणतात. आमचें मत निराळें आहे. देवगिरीच्या शार्ङ्गदेवानें १३ व्या शतकांत ‘संगीतरत्नाकरां’त गीत, वाद्य व नृत्त या तिहींस मिळूनच संगीत म्हटलें आहे; मुलें तेंच करितात. गीत आधीं ध्वनिमुद्रित करावयाचें, मग त्याबरहुकूम ओठ हलवावयाचे. सेकंदास २४ चित्रें सरकतात. त्यांत तीनचार चित्रांचें अंतर पडलें तरी तें डोळ्यांस खुपतें, आणि एक चुकला कीं सर्वांस पुनश्च आरंभ करावा लागतो. आमच्या नातवाच्या वर्गांत तोतरेपणामुळें सदैव मागें राहणारा एक मुलगा ताल धरावयास बसला, आणि सारा वर्ग त्याच्या हाताकडे पाहूं लागला. असें शिक्षण कोणत्या प्रश्नपत्रिकेंतून मिळावयाचें?