रविवार सकाळ, सात वाजता

रविवारी सकाळी साडेसहाचा अलार्म? दोन वर्षांपूर्वी कुणी असं सुचवलं असतं, तर मी हसून पांघरूण डोक्यावर ओढलं असतं. सोमवार ते शुक्रवार हिंजवडी, शनिवारी मॉल, रविवारी बारापर्यंत झोप... आपला टिपिकल आठवडा! खडकीत भाड्यानं राहून तीन वर्षं झाली होती. पण बाजारातला चहावाला आणि घरमालक सोडले, तर मला नावानं ओळखणारं कुणी नव्हतं.

एक दिवस सोसायटीतल्या काकांनी जिन्यातच गाठलं. ॲम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झालेले. "गॅलरीत मोबाइलशी बोलत बसतोस, त्यापेक्षा रविवारी आमच्या पोरांशी बोल की!"

त्यांचं स्काउट पथक होतं. शाळेचं नाही, 'ओपन' पथक. म्हणजे कुठल्याही शाळेतल्या मुलानं यावं. मी म्हटलं, "काका, स्काउट म्हणजे २६ जानेवारीला स्कार्फ घालून उन्हात उभं राहायचं, तेच ना?" काका नुसते हसले.

तुम्हालाही तसंच वाटत असेल, तर थोडं सांगतो. बेडन-पॉवेल या ब्रिटिश सेनाधिकाऱ्यानं १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं, तिथून हे सगळं सुरू झालं. आपल्याकडची 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० ची. पाच ते दहा वर्षांची मुलं कब, मुली बुलबुल. पुढे सतराच्या आसपासपर्यंत स्काउट आणि गाइड. त्यानंतर रोव्हर आणि रेंजर. आधी 'प्रवेश', मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार. ॲप्रेझलसारखंच म्हणा ना! फरक इतकाच, की इथे दोर बांधता आला तरच पास.

खरी गंमत पॅट्रोलची. सहा ते आठ मुलांचा एक गट आणि त्यांच्यातलाच एक पॅट्रोल लीडर. हजेरी तो घेतो, कामं तो वाटतो, नव्या मुलाला क्लोव्ह हिचची गाठ तोच शिकवतो. पहिल्याच दिवशी मी मध्ये तोंड घातलं, तर काका कानात म्हणाले, "गप्प बस. चुकू दे त्याला." टीम लीड म्हणून हे मला कुणीच शिकवलं नव्हतं!

महिनाभरात मी रुळलो. डाव्या हातानं हस्तांदोलन जमू लागलं, स्कार्फला वॉगल नीट बसू लागला. दोरांची पिशवी काकांनी माझ्याकडे ठेवायला दिली. आपण फार महत्त्वाचे झालो, असं वाटलं.

आणि मग तो रविवार. शनिवारी रात्री ऑफिसात रिलीज होतं, पहाटे चारला घरी आलो आणि फोन बंद करून झोपलो. उठलो तेव्हा साडेअकरा. पिशवी दाराशी तशीच. मैदानावर बारा मुलं गाठींच्या परीक्षेसाठी सातपासून ताटकळली होती.

पुढच्या रविवारी कोर्ट ऑफ ऑनर भरलं. म्हणजे पॅट्रोल लीडर आणि काका गोल करून बसतात, पथकाचे निर्णय तिथेच होतात. मला वाटलं, काका झापतील. ते गप्पच. बोलला तो तेरा वर्षांचा लीडर. "सर, काम असतं, ते कळतं आम्हाला. पण एक फोन करायचा ना! आम्ही शाळेतून दोर आणला असता."

स्काउटच्या नियमांत पहिलाच नियम विश्वासाचा आहे. तो मी मुलांकडून पाठ करून घेत होतो. खाली मान घालून सॉरी म्हटलं. ऑफिसात इतकी डेडलाइन चुकवली असेल, पण इतकी लाज कधी वाटली नव्हती. तिथे कारण देऊन सुटता येतं. इथे बारा पोरं माझी वाट बघत होती... एवढी सरळ गोष्ट.

त्यांनी पिशवी काढून घेतली नाही. लीडर म्हणाला, "राहू दे सरांकडेच."

आता खडकी बाजारातून जाताना दोन-तीन सायकली तरी थांबतात, "सर!" म्हणून हाक येते. आणि मॅनेजरला मी सांगून टाकलंय : शनिवारी रात्री काम असेल, तर शुक्रवारीच सांगा. मला एका तेरा वर्षांच्या मुलाला फोन करायचा असतो.