यादी आणि हजेरीपट

सटवाई बाळाच्या कपाळावर काय लिहिते ते कोणालाच वाचता येत नाही. म्हणूनच की काय, आपण त्यावरून फारसे भांडत नाही. ख्रिस्ती धर्मपंडित मात्र अशाच एका लेखावरून शतकानुशतके भांडले. तारण कोणाचे व्हायचे हे देवाने आधीच ठरवून ठेवले आहे, की विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाला दार उघडे आहे? हॉलंडमधील डॉर्ट येथे १६१८-१९ साली यासाठी मोठी धर्मसभा भरली. उघड्या दाराची बाजू घेणारे आर्मिनिअसचे अनुयायी हरले आणि त्यांच्यातल्या अनेक धर्मोपदेशकांना पदे सोडावी लागली.

या भांडणाशी मराठीच्या मास्तराचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध विल्यम केरीमुळे येतो. इंग्लंडमध्ये जोडे शिवता शिवता धर्मोपदेशक झालेला हा गृहस्थ. त्याच्या पंथातले कडवे लोक म्हणत, ज्यांना निवडायचे त्यांना देव निवडीलच. बाकीच्यांना हाका मारून काय उपयोग? त्याचा मित्र अँड्र्यू फुलर याने १७८५ साली पुस्तक लिहून उत्तर दिले : निवड देवाची खरी, पण आमंत्रण सर्वांना गेले पाहिजे. मग ते जगभर गेले पाहिजे, असे केरीने १७९२ साली लिहिले आणि पुढच्याच वर्षी तो बंगालमध्ये उतरला.

आमंत्रण द्यायचे तर भाषा हवी! कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या केरीने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले. १८१० साली कोशही काढला.

केरीची श्रद्धा माझी नव्हे. पण जूनमध्ये नवा वर्ग भरला की मला तो आठवतो. यंदा एका सहकाऱ्यांनी माझ्या यादीतील काही नावांवर खुणा केल्या आणि म्हणाले, “एवढेच तरतील. बाकीच्यांसाठी घसा कोरडा करू नका.” खूण नसलेल्यांत रात्रपाळी करून येणारा आणि मागच्या बाकावर डुलक्या घेणारा एक मुलगा आहे.

देवाची यादी असेलही. ती त्याच्या फडताळात. माझ्या हाती हजेरीपट आहे, आणि त्यातले प्रत्येक नाव मला पुकारावे लागते. तो मुलगा उत्तीर्ण होईल का, मला ठाऊक नाही. ठाऊक नाही, म्हणून तर त्याला शिकवायचे.